न चाखलेल्या बासुंदीची हकिकत

द्वारका, नवी दिल्ली
गणपती गेल्यानंतरचा दुसरा रविवार

श्रीयुत हणमंतराव व्याही यांना सूर्यकांताचा खुर्चीत बसून केलेला नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण गुडघ्याच्या डॉक्टरांनी जमिनीवर जायला मनाई केली आहे, आणि व्याह्यांपुढे एकदा आडवे झाल्यावर उठवायला माणूस बोलवावा लागला तर ते काही शोभत नाही.) सौ. सुमित्राविहीणबाईंची कंबर आता कशी आहे? तेल लावायचे थांबवू नये असा अलकनंदेचा निरोप आहे. कोणते तेल ते तिने सांगितले होते, मी विसरलो, ती फोन करीलच. आपल्या हरणी म्हशीचे दिवस भरत आले असतील. तिचीही तब्येत कळवावी. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे आता आहे. मधले काही दिवस नव्हते, आणि त्याचीच हकिकत सांगायला हे पत्र घेतले आहे.

पाकीट पाहून आपण दचकला असाल. आजकाल टपालाने घरी येते ते एक तर विम्याचे असते नाही तर कोर्टाचे. पण फोनवर बोलावे तर या घरात भिंतींनासुद्धा कान आहेत, आणि मोबाइलवर लिहावे तर आपल्या दोन्ही घरांचा मिळून जो ग्रुप आपल्या जावयाने, सुधन्वाने, काढला आहे तिथे माझे बोट कुठे पडेल याचा भरवसा मला स्वतःला नाही. (गेल्या महिन्यात पोट साफ होण्याच्या गोळ्यांची चौकशी मी तिथेच केली होती, ती आपण वाचली असणार. वाचून काही बोलला नाहीत, आभारी आहे.) शिवाय या पाकिटात कागदाबरोबर आणखी एक वस्तू आहे. ती हाताला लागली असेल तर गोळी समजून तोंडात टाकू नये. नीट ठेवून द्यावी. ती कशासाठी, ते पुढे येईल.

आपण मागच्या खेपेला निजामुद्दीनच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवलेला खरवस पोचला. फार सुंदर होता. रंग, वेलचीचा वास, सगळेच नामी. त्याच्याविषयीही सवडीने लिहीन.

आता मुख्य विषय. हणमंतराव, मी चौतीस वर्षे केंद्र सरकारात घालवली. हुशार माणसे पुष्कळ पाहिली आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हाताखाली नोकरी केली, पण आपल्या कन्येसारखे डोके मी पाहिले नाही. हे मी सासरा म्हणून लिहीत नाही, तटस्थपणे लिहितो आहे. आपण गावात सांगता की आमची रेवती दिल्लीला दूध तपासते. मीही लग्नाच्या वेळी सगळ्यांना तेच सांगत होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर पांढरा कोट घालून दुधात काचेची नळी बुडवणारी मुलगी यायची. ते साफ चूक आहे. दूध तपासणारे वेगळे असतात. रेवती दुधाचे भविष्य सांगते. म्हणजे असे की, अमुक पनीर, अमुक चक्का, अमुक खवा, इतक्या उष्म्यात इतका वेळ राहिला तर त्याच्यातले घातक जंतू किती वाढतील, हे ती आधी सांगते आणि मग ते वाढू नयेत म्हणून काय करायचे तेही सांगते. गुरुग्रामच्या त्या काचेच्या इमारतीत बसून ती हे करते आणि तिथली मोठमोठी माणसे तिच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या माल थांबवतात. (आमच्या मंत्रालयात माझ्या शब्दावर चपराशीसुद्धा थांबत नसे.)

मला तिने हे एकदा चहा पिताना समजावले. जंतू नव्या जागी आले की लगेच वाढत नाहीत, आधी थोडा वेळ नुसते बसून राहतात. मी म्हटले, अगदी बरोबर, आमच्याकडे बदली होऊन आलेला अधिकारी असाच बसायचा, आधी खिडकी कुठली, पंखा कुठला, डबा कुणाबरोबर खायचा हे पाहायचा. मग एकदा का बस्तान बसले की एकाचे दोन, दोनाचे चार, आणि हे सगळे दिल्लीच्या उकाड्यात इतक्या झपाट्याने की सकाळी मूठभर होते ते दुपारी लोंढा होतात. थंडीत तेच जंतू आळसावतात. (काही फ्रिजमध्येसुद्धा हळूहळू वाढत राहतात म्हणे. असली चिकाटी चांगल्या कामाला लागली असती तर देश कुठच्या कुठे गेला असता.) ती हे सगळे एका रेघेत काढून दाखवते. आधी आडवी जाणारी, मग एकदम जिन्यासारखी वर चढणारी. त्या चढणीच्या आधी पदार्थ थंड करायचा, नाही तर गरमागरम संपवायचा, एवढेच तिचे म्हणणे असते.

माझा विश्वास मात्र लगेच बसला नाही, हे खरे. आमच्या फ्रिजमध्ये एक दिवस मला एक गोल, चपटे, चकचकीत बटण सापडले. वजनकाट्याचा सेल कुठे हरवला म्हणून मी बरेच दिवस शोधत होतो, तो हाच असे वाटून मी ते काट्यात बसवले आणि वर उभा राहिलो. काट्याने काहीच दाखवले नाही. मी खूश झालो. संध्याकाळी रेवती घरी आली, तिने फ्रिज उघडला, मग वजनकाटा उघडला, आणि बटण परत फ्रिजमध्ये ठेवले. ते बटण म्हणजे तापमान टिपणारे यंत्र निघाले. दिवसभर कधी किती गरम, किती थंड होते ते सगळे त्याच्या पोटात साठते आणि मग तिच्या टॅबवर उतरते. त्या दिवशीच्या नोंदीत भर दुपारी फ्रिजमध्ये मे महिना आला होता, ते माझे पाय.

त्याच बटणाने तिने शोधून काढले की आमच्या फ्रिजच्या दारात दुधाची पिशवी ठेवायची तिथेच सगळ्यांत जास्त उबारा असतो. एकदा दिवसभर वीज जात-येत होती. मी चहाला दूध काढले तर रेवती म्हणाली, बाबा, हे उकळल्यावर फाटेल. मी वास घेतला, जिभेवर टेकवले, उत्तम होते. मी पैज लावली. उकळी आली आणि दुधाचे पाणी वेगळे, गोळे वेगळे. मी हात जोडले तर ती म्हणते, बाबा, फाटलेलं दूध बिचारं प्रामाणिक असतं, ते तोंडावर सांगून जातं, खरी भीती न फाटणाऱ्याची. वास चांगला, चव चांगली, आणि आत भलतंच काही. हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. तेव्हापासून मी तिचा भक्त झालो, आणि भक्ताने जो घोळ घालायचा तो मी यंदाच्या गणपतीत घातला.

आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाचा गणपती असतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या महाप्रसादाची बासुंदी वर्षानुवर्षे अलकनंदेची. एकवेळ आरतीत शब्द चुकले तर चालतात, पण ही बासुंदी म्हणजे आमच्या घराची अब्रू आहे. तमिळ, पंजाबी, बंगाली, सगळे शेजारी त्या एका वाटीसाठी आरतीला उभे राहतात, आणि अलकनंदा वर्षभर त्या कौतुकावर जगते. या बासुंदीचे दोन नियम आहेत. एक, नैवेद्य दाखवायच्या आधी ती कुणी चाखायची नाही, आटवणाऱ्यानेसुद्धा नाही, साखर अंदाजाने. दुसरा, ती फ्रिजमध्ये ठेवायची नाही, कारण फ्रिजमध्ये अंडी असतात, शिळी भाजी असते, आणि सुधन्वाच्या मित्रांनी आणलेले काय काय असते. म्हणून आदल्या दिवशी आटवून झाली की करोल बागेतून आणलेले ते प्रचंड पातेले देवघरात जाते, वर झाकण, झाकणावर जाड धूतवस्त्र, आणि सकाळपर्यंत त्याला कुणी शिवायचे नाही. इतकी वर्षे कुणाचे काही बिघडले नाही. (निदान कुणी येऊन सांगितले नाही. प्रसादाने पोट बिघडले असे कोण सांगणार?)

यंदा त्या दिवशी रेवती गुरुग्रामला अडकली होती, घरी आली तोवर देवघराचे दार लोटलेले. आणि मी, भक्त, संध्याकाळीच एक उद्योग करून बसलो होतो. मला वाटले, सूनबाईचे शास्त्र आणि सासूबाईंची बासुंदी यांची एकदा गाठ घालून द्यावी. बासुंदी उत्तमच असणार, रेघ सरळ आडवी येणार, मग ती रेघ मांडवात सगळ्यांसमोर दाखवून अलकनंदेला जणू प्रमाणपत्रच द्यावे. म्हणून मी फ्रिजमधले एक बटण काढून पातेल्याला बाहेरून, कडीखाली, चिकटपट्टीने लावून टाकले. बाहेरून लावले, म्हणजे सोवळे मोडले नाही, याची मी खात्री केली होती.

सकाळी मी मोठ्या उत्साहाने बटण काढून रेवतीच्या हातात दिले. तिने ते टॅबला लावले आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने देवघरात जाऊन पातेल्याला बाहेरून तळवा लावला. ते अजून कोमट होते. आदल्या संध्याकाळी उतरवलेली बासुंदी, जाड, गोड, काठोकाठ भरलेली, झाकलेली, वर पांघरूण घातलेली, तिने थंड तरी कुठून व्हावे? जंतूंना हवा असतो नेमका तेवढा उबारा तिने रात्रभर धरून ठेवला होता. रेवती स्वयंपाकघरात आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, आई, ही बासुंदी द्यायची नाही.

हणमंतराव, मी आणीबाणी पाहिली आहे, पण तशी शांतता मी पाहिली नव्हती. सुधन्वा ऑफिसचा कॉल आहे म्हणून बाल्कनीत गेला. (रविवार होता.) अलकनंदेने आधी पदर खोचला, मग सोडला. ती म्हणाली, अगं, चार तास रटरटली आहे, त्यात कोण जिवंत राहणार? रेवती म्हणाली, जंतू मरतात आई, पण काहींचं बी राहतं, ते उकळीला दाद देत नाही, आणि कोमट झालं की रुजतं. अलकनंदा म्हणाली, मग नैवेद्य झाल्यावर पहिली वाटी मी खाते, मला काही झालं तर बघू. रेवती म्हणाली, चवीला ती छानच असेल, म्हणून तर भीती वाटते. आणि खाली मांडवात लहान मुलं आहेत, म्हाताऱ्या आज्या आहेत, चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना सातवा महिना आहे.

एवढ्यात मंडळाचे सचिव हेरंबराव मुहूर्ताची आठवण द्यायला वर आले. हे रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, सोवळ्याओवळ्यात कडक, आणि पंचांग त्यांच्या खिशात. त्यांना प्रकार कळला तेव्हा ते म्हणाले, अरे यार सूर्यकांतजी, ये क्या लगा रखा है, देवाला दाखवलं की सगळं शुद्ध होतं. यावर आपल्या मुलीने जे उत्तर दिले ते मी सोनेरी अक्षरांत लिहून ठेवले असते, पण माझ्याकडे निळेच पेन आहे. ती म्हणाली, काका, देवाचं बिल्कुल काही होणार नाही, मी खाणाऱ्यांचं बोलतेय. आणि पुढे म्हणाली, तुम्हीच सांगता नैवेद्य चाखायचा नाही, मग मी तरी कुठे चाखला? न चाखताच सांगतेय. हेरंबरावांनी खिशातले पंचांग काढले आणि तसेच परत ठेवले. धर्माच्या बाजूने इतकी बिनतोड गोष्ट त्यांना कुणी आजवर सांगितली नसावी.

पण अलकनंदा हलेना. तिचे डोळे भरून आले होते. मला पहिल्यांदाच वाटले की हे शास्त्र खरे असेल नसेल, पण आज या घरात काही तरी फाटणार, आणि ते दूध नसेल. सून सासूच्या बासुंदीला विष म्हणाली, अशी बातमी मांडवात पोचायला लिफ्टसुद्धा लागली नसती. आणि या सगळ्याला कारण मी, कडीखालचे बटण माझे. तेव्हा रेवती अलकनंदेचा हात धरून तिला खिडकीपाशी घेऊन गेली आणि तिच्या कानाशी काही तरी बोलली. फार थोडे बोलली. अलकनंदेने तिच्याकडे पाहिले, मग डोळे पुसले, बाल्कनीतून सुधन्वाला ओढून आणले आणि म्हणाली, धर दुसरी कडी, ही ओतून टाकायची आहे. रेवती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही.

(ओतायच्या आधी रेवतीने एक लहान बाटली भरून घेतली, तिच्या प्रयोगशाळेसाठी. हेरंबरावांनी विचारले, हे चाखणे धरायचे का? ती म्हणाली, नाही काका, हे मोजणे.)

मुहूर्त जवळ आला होता आणि मांडवात बासुंदी नव्हती. अलकनंदा म्हणाली, एवढं दूध आता आटणार कधी? इथे आपल्या मुलीचे खरे रूप मला दिसले. ती म्हणाली, एका पातेल्यात आटणार नाही, पण प्रत्येक घरी एकेक पसरट कढई थोड्याशा दुधाची ठेवली तर पटकन आटेल, आणि खालपर्यंत गरमच नेता येईल. गरम राहिली तर जंतूंना बस्तान बसवायला जागाच नाही. पुढच्या थोड्या वेळात सोसायटीतला एकही गॅस मोकळा राहिला नाही. सुधन्वा दुधाच्या बूथवर धावला. मंडळाच्या ग्रुपवर अलकनंदेच्या सूचना सुटत होत्या. ज्या पुरुषांनी जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता ते कालथे घेऊन उभे होते. आमच्या समोरचे अरोरासाहेब दर दोन मिनिटांनी दार उघडून विचारत होते, भाभीजी, अब चलाऊँ या छोड़ दूँ? आणि हेरंबराव, ज्यांना सोवळ्यात दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची पायरीही चढवत नाही, त्यांनी धोतर सावरून आमच्या ओट्यापाशी कढई ढवळली. खाली लागू द्यायची नाही, असे अलकनंदा त्यांना दटावत होती आणि ते निमूट ऐकत होते. त्या दृश्यासाठी मी आणखी एक पातेले बासुंदी ओतून द्यायला तयार आहे.

गणपतीपुढे यंदा एका वाटीऐवजी घराघरांतल्या इतक्या वाट्या मांडल्या गेल्या की मूर्ती मागे ढकलावी लागली. कुणाची पातळ, कुणाची करपलेली, एकीत वेलचीऐवजी बडीशेप पडली होती, पण सगळ्या वाफाळत होत्या. आणि तेवढ्यात कळले की प्रमुख पाहुणे, एक फार मोठे अधिकारी, गुरुग्रामच्या टोलपाशी गाडीत अडकले आहेत. ते आल्याशिवाय आरती नाही, आणि ते आले की भाषण केल्याशिवाय राहत नाहीत, हा अनुभव. बासुंदी निवायला लागली. रेवती मांडवात एकेका डब्याला बटण लावून टॅब घेऊन बसली होती. ती उठून हेरंबरावांना म्हणाली, काका, अमुक वाजेपर्यंत सगळ्यांच्या हातात वाटी असायला हवी, त्यानंतर मी वाढू देणार नाही. पाहुणे आले. आरती झाली. ते माइकपाशी गेले आणि मराठी माणूस अटकेपार, अशी सुरुवात केली. हेरंबराव मनगटाकडे पाहत त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मराठी माणूस अजून पानिपतापर्यंतही पोचला नव्हता, तोच हेरंबरावांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केले की वैज्ञानिक कारणास्तव भाषण इथेच थांबवण्यात येत आहे, सर्वांनी पानावर बसावे. टाळ्या इतक्या पडल्या की पाहुण्यांना वाटले त्यांच्यासाठीच आहेत. जंतूंची वाढ कशी रोखायची हे शास्त्र मला थोडेफार समजले होते, पण त्याच शास्त्राने भाषणाची वाढसुद्धा रोखता येते हे मी त्या दिवशी शिकलो.

पाच-सहा दिवसांनी प्रयोगशाळेतून त्या बाटलीचा निकाल आला. रेवतीने सकाळी काढलेली रेघ आणि तिथली प्रत्यक्ष मोजणी जवळजवळ एकमेकींवर बसल्या. ते जंतू सापडले, आणि पोटात जायला नकोत इतके सापडले. मी तो कागद दोनदा वाचला. खालची ती सगळी मुले माझ्या डोळ्यांसमोर आली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. अलकनंदेने कागद वाचला, घडी केली, आणि एवढेच विचारले, गोडी कशी होती ते नाही का लिहिलं त्यांनी? मग तिने रेवतीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो कागद देवघरात, गणपतीच्या चौकटीमागे, खोचून ठेवला. पुढच्या वर्षीपासून बासुंदी पसरट परातींत ओतून बर्फावर थंड करायची आणि एका कोऱ्या फ्रिजमध्ये ठेवायची असे ठरले आहे. तो फ्रिज मंडळ घेणार, आणि त्यात अंडे ठेवणाऱ्याला हेरंबराव मंडळातून काढणार.

हणमंतराव, हे सगळे लिहिले ते यासाठी की आपली मुलगी आमच्या घरी आहे याचा मला केवढा अभिमान वाटतो ते आपल्याला समोर बसून सांगायला मला कधी जमले नसते. लग्नात आपण मला म्हणाला होता की ही पोरगी लहानपणी खरवसाच्या डब्यात सुरी फिरवून सगळी कड स्वतः खायची आणि मधला गोल भावासाठी ठेवायची, असली हट्टी आहे, सांभाळून घ्या. सांभाळून घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही. तिनेच आम्हाला घेतले. विहीणबाईंच्या कंबरेला आमचा नमस्कार आणि हरणीच्या पाठीवर माझ्या वतीने एक थाप.

आपला,
सूर्यकांत

ता. क. – खरवस फार सुंदर होता असे मी वर लिहिले आहे. रंग पाहिला आणि वास घेतला, तेवढे खरे आहे. खाल्ला कुणीच नाही. रेवती खिडकीपाशी अलकनंदेच्या कानात काय बोलली ते आता लिहितो, कारण त्याच्यासाठीच हे पत्र आहे. ती म्हणाली, आई, अप्पांचा खरवस येतो ना, तो मी दर वेळी टाकते. दीड दिवस गाडीत, एवढ्या उष्म्यात, मी रेघ काढून बघते आणि टाकून देते, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. अप्पांचा ठेवत नाही, तर तुमची बासुंदी कशी ठेवू? लग्न झाल्यापासून ती असे करते आहे. आपल्याला सांगायची तिची छाती नाही. जी मुलगी पाहुण्यांचे भाषण थांबवते तिला बापाचे मन मोडवत नाही. म्हणून हे मी तिच्या नकळत कळवतो आहे. रागवायचे तर माझ्यावर रागवावे.

ता. क. २ – आता विनंती. हरणी दिवाळीच्या सुमारास व्याली की पहिल्या दुधाचा खरवस करावा, उकडल्यावर लगेच पसरट ताटात निववावा, आणि आपल्या तिठ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याच्या पेटीत दगडासारखा गोठवून घ्यावा. मग बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या खोक्यात डबा ठेवावा. पाकिटातले बटण हेच त्या रात्रीचे, ते डब्याला खेटून ठेवावे. आणि निजामुद्दीनच्या गाडीने पाहुण्यांबरोबर पाठवू नये. स्वतः घेऊन यावे, विमानाने. आपण विमानात बसणार नाही असे लग्नात सांगितले होते ते लक्षात आहे, पण विमानतळ आमच्या घरापासून इतका जवळ आहे की आपण उतरल्यापासून खरवस फ्रिजमध्ये जाईपर्यंत बर्फालासुद्धा कळणार नाही. तिकीट सुधन्वा काढतो आहे, खिडकीची जागा. डोळे मिटून बसावे.

ता. क. ३ – पाकीट बंद करताना रेवती मागे येऊन उभी राहिली. तिने कागदाला हात लावला नाही, फक्त बटण उचलले आणि विचारले, बाबा, हे कुणाला? मी खोटे बोलायला गेलो, पण जमले नाही. म्हटले, तुझ्या अप्पांना.  मग टॅब आणून तिने बटण नव्याने चालू केले, पुसून परत पाकिटात टाकले, आणि दारापर्यंत जाऊन मागे वळून म्हणाली, अप्पांना लिहा, कड माझी.